महिना कोणाचा? : नागपुरातून वाचलेले 'ऋतुचक्र'

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'विषयी मराठीत एक मत इतके रुळले आहे की ते आता कोणी तपासून पाहत नाही. हे निसर्गवर्णनाचे पुस्तक; बारा महिन्यांची बारा शब्दचित्रे; निरीक्षण बारीक, भाषा तरल. त्यातला 'वसंतहृदय चैत्र' हा लेख शालेय पाठ्यपुस्तकातही येऊन गेला, त्यामुळे हे मत पुढच्या पिढ्यांपर्यंत तसेच पोचले. पुस्तकावर प्रेम करणारेच ते मांडतात, म्हणून ते तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला ते अपुरे वाटते. 'ऋतुचक्र' निसर्गाविषयी आहे हे खरे. पण निसर्ग माणसाच्या मनात कोणत्या वाटेने शिरतो, हा त्याचा अधिक खोल विषय आहे. ती वाट संस्कृतीची आहे आणि या पुस्तकापुरते तिचे नाव 'महिना' असे आहे. पश्चिम किनाऱ्याजवळ राहून पुस्तक वाचताना ही गोष्ट सहसा जाणवत नाही, कारण तिथे पुस्तकातला महिना आणि खिडकीबाहेरचा महिना बराचसा जुळतो. नागपुरात तो जुळत नाही आणि मग प्रश्न टाळता येत नाही.

माझ्याजवळची प्रत बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या पथारीवरून घेतलेली आहे. आधीच्या वाचकाने आपले नाव कुठे लिहिलेले नाही. पण समासात शिसपेन्सिलीने तुरळक खुणा केल्या आहेत. जुन्या पुस्तकांत एरवी आढळतात तशा 'सुंदर', 'वा' अशा त्या खुणा नाहीत. वैशाखाच्या लेखाशेजारी 'नवतपा' एवढा एकच शब्द आहे. माडाच्या उल्लेखाखाली रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह. फाल्गुनाच्या पानावर 'मोह'. श्रावण संपतो तिथे 'पोळा, मारबत'. हा वाचक पुस्तकाशी भांडत नव्हता. ते आपल्या मुलखाला लावून पाहत होता. या चार-दोन शब्दांमध्ये एक पूर्ण समीक्षा दडलेली आहे असे मला वाटते. ती उलगडून पाहणे हाच या लेखाचा हेतू.

आधी पुस्तक काय करते ते पाहू. दुर्गाबाई (१९१०-२००२) ललित लेखनाकडे वळल्या त्या संशोधनाच्या वाटेवरून. बौद्ध न्यायविचारावर त्यांनी काम केले, लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये त्या हिंडल्या. तिथेच विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांना दीर्घ आजार जडला आणि उमेदीची काही वर्षे अंथरुणात गेली. १९५६ साली 'ऋतुचक्र' आले तेव्हा लेखिकेजवळ संस्कृत काव्याची ओळख होती, लोककथा आणि लोकाचारांचा साठा होता आणि एका जागी राहून पाहत राहण्याची सक्तीने लागलेली सवय होती. पुस्तकातली दृष्टी या तिन्हींच्या मिश्रणातून घडली आहे. त्यामुळेच तिथे पिंपळाची नवी पालवी नुसती गुलाबी दिसत नाही. ती दिसते तेव्हा तिच्याबरोबर त्या झाडाभोवतीची सगळी श्रद्धा, भीती आणि आख्याने हलतात.

चैत्राच्या लेखात घाणेरीकडे त्या कशा पाहतात हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. नावानेच बदनाम झालेल्या त्या झुडपाच्या फुलांकडे दुर्गाबाई नाव ओलांडून पाहतात. इथे संस्कृतीचे दोन्ही गुण एकदम दिसतात. तीच आपल्याला पाहायला शिकवते आणि तीच डोळ्यांवर झापड बांधते. पिंपळाला नाव, कथा आणि पार मिळाला म्हणून तो सगळ्यांना दिसतो. घाणेरीला शिवी मिळाली म्हणून ती कोणाला दिसत नाही. दुर्गाबाईंचे काम या दोन टोकांच्या मध्ये चालते. मिळालेल्या नावाचा आधार घ्यायचा आणि गरज पडेल तिथे त्याच नावाला प्रश्न विचारायचा. या कामाला 'निसर्गवर्णन' हा शब्द तोकडा पडतो.

या पुस्तकातले सगळ्यात मोठे नाव महिन्याचे. दुर्गाबाईंनी संस्कृत परंपरेतल्या सहा ऋतूंवर पुस्तक बांधले नाही. कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होते. 'ऋतुचक्र' मराठी वर्षाप्रमाणे चैत्रापासून. ऋतू हा निसर्गाचा विभाग, तर महिना हा माणसाने केलेला. आपला महिना चंद्रावर चालतो. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवस कमी. ही तूट भरून काढायला अधिक महिना घालावा लागतो. तो पडेपर्यंत महिना ऋतूवर मागेपुढे सरकत राहतो. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता, तर २०२४ साली ९ एप्रिलला. मोहाच्या झाडाला या अठरा दिवसांच्या फरकाचा पत्ता नसतो. तेव्हा 'चैत्रात अमुक फुलते' हे वाक्य वनस्पतिशास्त्राचे नाही. मनाने निसर्गाशी केलेल्या कराराचे आहे. या सैलपणामुळेच महिन्याला चेहरा देता येतो, त्याला हृदय आहे असे म्हणता येते. पंचांगाच्या या ढिल्या सांध्यातून दुर्गाबाईंचा ललित लेख उगवतो.

परंतु मराठी मुलखात एकच पंचांग चालत नाही. व्रतवैकल्ये आणि सण चांद्रमासांवर चालतात, शेती नक्षत्रांवर. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही शेतकऱ्याची नक्षत्रे सूर्याची असतात. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचे. मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, मग महिना वैशाख असो की ज्येष्ठ. पेरणीची, पाण्याची, किडीची भाषा या दुसऱ्या पंचांगातली. समासातला 'नवतपा' हा शब्दही तिथलाच. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेच्या आसपास जे नऊ दिवस सुरू होतात त्यांना विदर्भात नवतपा म्हणतात. हे दिवस कडक तापावेत अशी इथे अपेक्षा असते. ते तापले नाहीत तर पाऊस बिघडेल असे जुनी माणसे सांगतात.

आता दुर्गाबाईंच्या शीर्षकाकडे पाहू. वैशाखाला त्यांनी 'चैत्रसखा' म्हटले आहे. समुद्रकाठच्या वैशाखाला ते शोभते. नागपूरच्या आजवरच्या नोंदींमधले एक अत्युच्च तापमान, ४७.९ अंश सेल्सिअस, २३ मे २०१३ रोजी नोंदले गेले आणि तो दिवस वैशाख पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा होता. इथला वैशाख कोणाचा सखा असेल तर तो मृगाचा. त्याचे नाते मागच्या महिन्याशी नाही, पुढच्या पावसाशी आहे. त्याचा ताप सोसायचा तो चैत्राच्या आठवणीवर नाही, मृगाच्या भरवशावर. अनोळखी वाचकाने समासात लिहिलेला एक शब्द शीर्षकाची दिशाच उलटी करतो. विशेष म्हणजे ती उलटताना तो दुर्गाबाईंचीच रीत वापरतो. महिन्याला नात्यात बघायचे, हे त्याने त्यांच्याकडूनच घेतले आहे.

श्रावणाचेही तसेच. मराठी ललित गद्यातला आणि कवितेतला श्रावण म्हणजे ऊनपाऊस, हिरवळ, मंगळागौर. नागपूरचा श्रावणही हिरवा असतो. पण तो संपतो अमावास्येच्या पोळ्याने. दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात आणि त्याच दिवशी शहराच्या जुन्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या मिरवणुकीत कागदाचे, बांबूचे प्रचंड पुतळे आणि त्यांच्यासोबत त्या त्या वर्षीच्या संतापाचे विषय झालेले बडगे असतात. रोगराई, पीडा, अन्याय सारे घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगितले जाते आणि शेवटी तिला जाळतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात साथी पसरतात, हा निसर्ग. त्या भीतीला बाईचे रूप देऊन हाकलून लावणे, ही संस्कृती. आणि ओरडून झाल्यावर हलके वाटणे, हे मन. तिन्ही एकाच रस्त्यावर, एकाच दुपारी. लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाईंना याचा अर्थ कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरी ललित लेखक दुर्गाबाईंचा श्रावण या रस्त्याने येत नाही.

याचा अर्थ विदर्भ या संस्कृतीच्या बाहेर आहे असा मात्र नाही. आषाढाच्या मेघाची कल्पना भारतीय मनात ज्या काव्याने रुजवली, त्या 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर राहतो आणि मेघाचा प्रवास तिथून सुरू होतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आणि विदर्भाने ते मनापासून स्वीकारले. ते मान्य केले तर आषाढाच्या काव्याचे उगमस्थान आमच्या अंगणात येते. आणि तरीही आधुनिक मराठी लेखनातला पाऊस बहुतेक वेळा सह्याद्रीवर किंवा समुद्रावर पडतो. म्हणजे प्रश्न परंपरेच्या अभावाचा नाही. लेखनाचे केंद्र कुठे होते याचा आहे.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. 'ऋतुचक्र' निघाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नागपूरचे राजधानीपण गेले. मध्य प्रांताची राजधानी असताना या शहराचे तोंड सातपुड्याकडे आणि गोंडवनाकडे होते. आता ते मुंबईकडे वळले. राज्यकारभाराच्या या बदलाशी दुर्गाबाईंच्या पुस्तकाचा काही संबंध नाही. मात्र पुढच्या दशकांत वैदर्भी वाचकाने मराठी निसर्ग म्हणून जो आपलासा केला तो प्राजक्त-बकुळीचा, माडाचा आणि श्रावणसरींचा होता. पळस, मोह, तेंदू, चार, बिबा ही झाडे त्याच्या रोजच्या बोलण्यात राहिली, पण साहित्याच्या भाषेत उशिरा आली. ती आणण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी केले. सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या जंगलांत आयुष्य घालवले आणि रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडचे शब्द मराठी गद्यात आणून ठेवले. 'ऋतुचक्र' आणि चितमपल्लींची पुस्तके शेजारी ठेवून वाचली की फरक दिसतो. दुर्गाबाई ओळखीच्या नावाला नवा अर्थ देतात. चितमपल्ली बिननावाच्या गोष्टीला नाव मिळवून देतात. मराठीला दोन्हींची गरज होती.

मन, संस्कृती आणि निसर्ग यांना एकत्र बांधणारा विचार पाश्चात्त्य जगात ग्रेगरी बेटसन यांच्या निबंधांत ठळकपणे आढळतो. न्यू गिनी आणि बाली इथे मानवशास्त्रीय काम केलेल्या या विचारवंताचा 'स्टेप्स टु अॅन इकॉलॉजी ऑफ माइंड' हा निबंधसंग्रह १९७२ साली आला. मन डोक्याच्या कवटीत संपत नाही, हे त्यांचे मुख्य सांगणे. त्यांचे एक उदाहरण झाड तोडणाऱ्या माणसाचे आहे. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाने झाडावर पडलेल्या खाचेप्रमाणे बदलतो. तेव्हा विचार करतो आहे तो एकटा माणूस नव्हे. झाड, डोळा, मेंदू, हात, कुऱ्हाड आणि पुन्हा झाड असे सारे वर्तुळ मिळून विचार करते आहे.

नागपूरच्या वाचकाला यासाठी कुऱ्हाडीपर्यंत जायला नको. संत्र्याची बाग पुरते. संत्र्याचे मुख्य बहार दोन. एक आंबिया, आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत फुलणारा. दुसरा मृग, मृगाच्या पावसाने फुलणारा. नावेच पाहा. एका बहाराला दुसऱ्या झाडाचे नाव, दुसऱ्याला नक्षत्राचे. फूल यावे म्हणून शेतकरी बागेला 'ताण' देतो, म्हणजे पाणी तोडतो. जमीन भारी की हलकी यावर ताण किती दिवस द्यायचा ते ठरते. पाने जरा मलूल झाली, काही गळाली, की झाड फुलायला तयार झाले असे समजायचे आणि पाणी सोडायचे. मृग बहारासाठी हा ताण वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात बसतो आणि तो तोडायचे काम पाऊस करतो. म्हणजे जो नवतपा बाहेरच्या माणसाला निव्वळ छळ वाटतो, तो बागेत फुलांची तयारी असतो. इथे निसर्ग कुठे संपतो आणि मशागत कुठे सुरू होते? शेतकऱ्याचे मन पानांच्या मलूलपणात आहे आणि झाडाचे फुलणे शेतकऱ्याच्या धीरात. बेटसन ज्याला सिद्धान्ताचे रूप देतात, ते इथे 'ताण' या एका शब्दात रोज बोलले जाते.

'ऋतुचक्रा'ची मर्यादा मला नेमकी इथे दिसते. दुर्गाबाईंचे वर्तुळ पाहणाऱ्याचे आहे. झाड, डोळा, आठवण, कथा आणि पुन्हा झाड. त्यात हात फारसा येत नाही. मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात आणि गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर भागातल्या कुटुंबांचे काही दिवसांचे अन्न आणि रोकड त्यावर असते. त्यानंतर चैत्र-वैशाखात तेंदूची पाने तोडून पुडे बांधायचे, तेही उन्हात. या माणसांना पालवीचा रंग दिसत नाही असे नाही. पण त्यांच्या नजरेत रंगाबरोबर पानाची जाडी आणि पुड्याचा भावही असतो. या जगाची ओळख दुर्गाबाईंना मध्य प्रांतातल्या भटकंतीत झाली होती, त्याची किंमत त्यांनी शरीराने मोजली होती. असे असून 'ऋतुचक्रा'च्या केंद्रस्थानी काम करणारा माणूस नाही. संशोधक दुर्गाबाई आणि ललित लेखक दुर्गाबाई यांच्यात त्यांनी एक दार ठेवले होते आणि या पुस्तकात ते अर्धेच उघडे राहिले.

त्यांच्या समकालीन इरावती कर्वे यांच्याशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते. इरावतीबाईही मानवशास्त्रज्ञ, त्यांचेही ललित निबंध मराठीने डोक्यावर घेतले. पण 'परिपूर्ती' किंवा 'भोवरा' वाचताना मानवशास्त्र सतत हाताशी असते. नातेसंबंध, चालीरीती, आपण कोण आणि परके कोण, हे प्रश्न निबंधाला पुढे ढकलतात. तिथे निसर्ग मागे राहतो. दुर्गाबाईंनी उलट निवड केली. निसर्ग पुढे आणला, माणसाला त्याच्या कथांमधून आत घेतले. जे इरावतीबाईंनी माणसांबाबत केले ते दुर्गाबाईंनी झाडांबाबत केले. मात्र झाड आणि माणूस यांना जोडणारे श्रम दोघींच्याही ललित लेखनात तुलनेने दुय्यमच राहिले. हा दोष त्यांच्यापुरता नाही. पुढच्या सगळ्या मराठी ललित निबंधाने तो वारसा म्हणून घेतला. आणि दुर्गाबाईंची चिकित्सा न घेता फक्त विशेषणे घेतली. दिवाळी अंकांतून दरवर्षी येणारे ऋतूंवरचे लेख वाचले की हे कळते. प्राजक्ताचा सडा तोच, पण घाणेरीकडे पाहण्याची हिंमत नाही.

एक प्रश्न मात्र दुर्गाबाईंच्या काळात पडण्यासारखा नव्हता. तो आपला आहे. 'चक्र' या शब्दात परत येण्याची खात्री आहे. दुर्गाबाईंनी पुढे १९६५ साली थोरोच्या 'वॉल्डन'चे 'वॉल्डनकाठी विचारविहार' असे मराठी रूपांतर केले. थोरो तळ्याकाठी दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला, पण पुस्तकात त्याने ते सारे एका वर्षात बसवले. 'ऋतुचक्रा'तले वर्षही असेच, अनेक वर्षांच्या पाहण्यातून गाळून घेतलेले. ते कोणत्याच एका सालाचे नाही, म्हणून त्यात दुष्काळ नाही, गारपीट नाही. विदर्भातल्या बागाइतदाराला वर्ष असे गाळून मिळत नाही. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चपर्यंत महाराष्ट्रभर झालेली गारपीट कोणत्याच महिन्याच्या स्वभावात बसणारी नव्हती. मृग लागूनही पाऊस न येणे, दिवाळीनंतर अवकाळी येणे, हे आता अपवाद म्हणून सांगता येत नाही. ताण तोडायला पाऊसच आला नाही, तर 'मृग बहार' या नावाचे काय करायचे? नाव राहील आणि त्याच्या मागची गोष्ट निघून जाईल. भाषेचे नुकसान असे होते. शब्द मरत नाही, पोकळ होतो.

म्हणून 'ऋतुचक्र' आज वाचायचे ते आठवणींचे पुस्तक म्हणून नव्हे. त्यातली यादी किनाऱ्याची आहे, ती आम्हाला लागू नाही. पण त्यातली रीत लागू आहे. महिन्याला विचारायचे, तू खरेच असा आहेस का? नावाला विचारायचे, तू काय दाखवतोस आणि काय झाकतोस? हे प्रश्न दुर्गाबाईंनी पिंपळाला आणि घाणेरीला विचारले. आम्ही ते नवतप्याला, मारबतीला, मोहाला आणि संत्र्याच्या ताणाला विचारायला हवेत. नक्षत्रांच्या पंचांगावर बांधलेले, पाहणाऱ्याइतकेच वेचणाऱ्याचे असलेले 'ऋतुचक्र' मराठीत अजून लिहायचे बाकी आहे. ते ज्याला लिहायचे असेल त्याला वर्षानुवर्षे तारखांसह नोंदी ठेवाव्या लागतील. मोह कधी पडला, ताण कधी तुटला, मृग कोरडा गेला की नाही. गाळून घेतलेले वर्ष आता पुरणार नाही; प्रत्येक साल वेगळे लिहावे लागेल.